ओटीतले गहू

आमच्या जावईबापूंना डोंगर हवा असतो आणि लेकीला समुद्र. दोन्ही एका जागी हवं असेल तर ग्रीसच्या बेटावर जावं लागतं, असं त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून समजावलं. खाली वाळू, वर डोंगर, मधे एक गाव, बास. जावईबापू म्हणजे आमचे जर्मन जावई. जर्मनमध्ये मी त्यांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणते आणि मराठीत अहोजाहो करते. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण माझ्या जिभेला बरं वाटतं. ते मला 'आई' म्हणतात, तेही असं, की 'आ' आमच्या ब्राउनश्वाइगला आणि 'ई' बर्लिनला.

"आई, तू पण चल. पाच दिवस. बाळ येण्याआधीची शेवटची सुट्टी."

शेवटची वगैरे शब्द मला आवडत नाहीत. पण गेले.

लेकीला तेव्हा सहावा लागला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते सगळं याच्याभोवती झालं. याआधी एकदा तिचं पाचव्यात गेलं होतं. त्या वेळी आम्ही सगळं रीतसर केलं होतं. गावातल्याच एका पुण्याच्या बाई आहेत, त्यांनी येऊन ओटी भरली, मी साखरभात केला, हिरव्या साडीतले फोटो काढले, ते सगळीकडे पाठवले. आणि नंतर तेच फोटो पाहून लोकांचे अभिनंदनाचे फोन येत राहिले, तेव्हा काय सांगायचं ते कळेना. म्हणून या खेपेला लेकीनं बजावलं होतं, "ममा, काही करायचं नाही. निख्त्स. जन्मेपर्यंत कुणाला सांगायचंसुद्धा नाही." ती बोलते जर्मन, मी बोलते मराठी, आणि आमचं दोघींचं आयुष्यभर असंच चाललंय, इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहिते. जर्मन लोकांचंही तसंच असतं म्हणा. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्यात तर असे दचकतात, की जणू तुम्ही त्यांच्या वाटेत लिंबू-मिरची टाकलीत.

तर मी गप्प बसले. पण ओटीचं मला आतून लागून राहिलं होतं. बाईचं पोट दिसायला लागलं आणि तिच्या पदरात चार दाणे पडले नाहीत, हे मला उघड्या दारानं झोपल्यासारखं वाटत होतं. बरं, मी स्वतः भरावी, तर माझे हे जाऊन दोन वर्षं झालेली. ब्राउनश्वाइगमध्ये मला कोण अडवणार होतं? कुणीच नाही. माझाच हात उठत नव्हता. एकदा गहू मापून वाटीत घेतलेसुद्धा, आणि परत डब्यात टाकले.

बेट लहानसं होतं. बंदराजवळ पांढरं गाव, त्यात आमच्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांची मालकीण माझ्याच वयाची. तरुणपणी ती जर्मनीत डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात कामाला होती. तिचं जर्मन माझ्याहून जोरात. आल्या आल्या तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ब्राउनश्वाइग? तिथली थंडी अजून माझ्या गुडघ्यात आहे." आम्ही दोघी लगेच गुडघ्यांच्या दुखण्यावर आलो आणि मैत्री झाली.

पहिले दोन दिवस वाळूतच गेले. लेक पाण्यात तरंगायची, पोट वर, एखाद्या बेटाजवळचं अजून एक बेट. बाळ पाण्यात फार खुशीत असायचं. ती बाहेर आली की माझा ओला हात धरून पोटावर ठेवायची, आणि आतून अशी लाथ बसायची, की मी म्हणायची, हे नक्की जावईबापूंवर गेलंय, याला आतापासून डोंगर चढायचाय.

मग एक दिवस डोंगराचा ठरला. वर एक जुनं गाव आहे, ओस पडलेलं. लोक फार पूर्वी खाली बंदरावर येऊन राहिले. गाढवांसाठी केलेली फरसबंदी वाट आहे, चढ सोपा. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलेलंच होतं. मी माझ्या दोन काठ्या घेतल्या. त्या काठ्या घेऊन जर्मन म्हाताऱ्या जंगलात खट्‌खट् करत जातात ना, त्या. लेकीनं उन्हासाठी डोक्यावर मोठी सुती ओढणी घेतली, माझीच, पिवळी.

सकाळी निघायचं ते नाश्त्यात उशीर झाला. चढता चढता भर दुपार झाली. मी एकदा म्हटलं, "अगं, बाराच्या ठोक्याला ओसाड जागी जाऊ नये." लेक म्हणाली, "ममा, इथे ठोका कुठे आहे?" खरंच नव्हता. घंटा नाही, घड्याळ नाही. खाली समुद्र इतका पांढरा झाला होता, की त्याच्याकडे बघवत नव्हतं. झाडाझुडपांतले किडे मात्र सकाळपासून कर्रर करत होते, इतके की त्यांचा आवाज येतोय हेच मी विसरले होते.

गावात शिरलो आणि तो आवाज थांबला.

हळूहळू नाही. एकदम. कुणी खोलीत आल्यावर बोलणारे गप्प होतात तसा. जावईबापूसुद्धा थांबले आणि त्यांनी उगाच मागं बघितलं. घरांची छपरं आत कोसळलेली, पण भिंती उभ्या. एका घरात चुलीच्या जागी अंजिराचं झाड वाढलेलं, त्याची फांदी खिडकीतून बाहेर. एका दाराला अजून कुलूप होतं, आणि बाजूची भिंतच नव्हती. मला ते कुलूप बघवेना. कुणीतरी जाताना नीट लावून, ओढून बघितलं असणार ना?

गल्लीच्या टोकाला एक देऊळ होतं. म्हणजे त्यांचं चर्च, पण आपल्या मारुतीच्या देवळाएवढंच. बाकी गाव पडलेलं आणि हे मात्र ताज्या चुन्यानं लखलखीत. त्याच्या पुढच्या बुटक्या कठड्यावर एक तबक ठेवलेलं होतं, आणि तबकाजवळ एक म्हातारी बसली होती. अंगभर काळं. डोक्याला काळा रुमाल. आम्ही येतोय हे तिला आधीपासून माहीत असावं तशी आमच्याकडे तोंड करून.

तबकात काय होतं सांगू? शिजवलेले गहू. त्यावर डाळिंबाचे दाणे, बेदाणे, बदाम, पिठीसाखर. मधोमध एक मेणबत्ती खोचलेली, विझलेली. मी बघतच राहिले. गहू आणि फळं, तबकात, देवळाच्या दारात! माझ्यासारख्या बाईला आणखी काय दिसणार? मला ओटी दिसली.

म्हातारीनं एका कागदी पुडीत थोडे गहू भरले आणि ती पुडी माझ्यापुढे धरली. माझ्यापुढे, हे लक्षात ठेवा. मी हात जोडले, मान हलवली आणि लेकीला पुढे केलं. "तिला द्या, तिला." मराठीतच म्हणाले. "अगं, ओढणी पसर. पुडी नको, ओटीत घे."

लेकीनं डोळे मोठे केले. "ममा, आपलं काय ठरलं होतं?"

"मी काही करत नाहीये. देवाच्या दारात मिळतंय. नाही म्हणू नये."

म्हातारीनं लेकीच्या पोटाकडे बघितलं आणि तिचा हात थांबला. बराच वेळ थांबला. मला वाटलं, हिच्यातही तसंच असणार, काळे कपडे म्हणजे विधवा, तिचाही हात उठत नाहीये. मला तिची माया आली. मी माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे, आणि हसले. म्हणजे, बाई, तू आणि मी सारख्याच, घाल तू. लेकीनं ओढणीचं टोक धरलं. म्हातारीनं पुडी खाली ठेवली आणि दोन्ही हातांची ओंजळ भरून गहू तिच्या ओढणीत घातले. मग स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही काही म्हणावं अशी वाट बघत होती. मला काय येणार? मी आपलं आभाराचं 'डांके' म्हणाले.

ती हसली नाही.

जावईबापूंनी देवळाचा फोटो काढू का असं खुणेनं विचारलं, तर तिनं नको म्हणून बोट हलवलं. मग आम्ही निघालो. वळणावर मी मागे बघितलं. तबक नव्हतं, म्हातारी नव्हती. गल्ली सरळ होती, दोन्ही बाजूंना नुसत्या पडक्या भिंती.

"आत गेली असेल," जावईबापू म्हणाले.

"हो, आतच," मी म्हटलं. पण मला तर देवळाच्या दाराला बाहेरून कडी दिसली होती. आता इतक्या लांबून माझ्या डोळ्यांना काय दिसतंय म्हणा.

उतरताना लेक ओढणीतून गहू खात होती. थांबायलाच तयार नाही. दालचिनी आहे यात, म्हणाली. ममा, असं तू कधी का केलं नाहीस, म्हणाली. माझा जीव सुपाएवढा झाला. दोन महिने जिचं तोंड कडू होतं, ती ओटीतलं ओंजळीनं खातेय! मला एकही दाणा दिला नाही, आणि मी मागितलाही नाही. ओटीतलं ज्याचं त्यानं खायचं.

वाटेत मागून आवाज येत होता. मला वाटलं, माझ्याच काठ्या. खट्, खट्. मग एका ठिकाणी बुटात खडा गेला म्हणून मी थांबले, काठ्या भिंतीला टेकवल्या, आणि आवाज अजून दोनदा आला. बकऱ्या असतील. त्या बेटावर बकऱ्या फार. पण त्यांच्या गळ्यात घंटा असतात. मी लेकीला काही बोलले नाही. तिला पुढे घातलं आणि मी मागे राहिले, एवढंच.

वाट संपते तिथे एक खानावळ आहे, झाडाखाली टेबलं. मालक पोटानं आमच्या लेकीच्या बरोबरीचा. आम्ही बसलो तसा तो पाण्याची बाटली आणि पेले घेऊन आला, आणि त्यानं चार पेले मांडले. एक लेकीपुढे, एक जावयांपुढे, एक माझ्यापुढे, आणि चौथा रिकाम्या खुर्चीपुढे.

"आम्ही तिघं आहोत," जावईबापू म्हणाले, आणि बोटं दाखवली.

मालकानं खुर्चीकडे बघितलं. मग वाटेकडे. मग चौथा पेला उचलून नेला.

"बाळाला मोजलं वाटतं," लेक हसत म्हणाली.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, जावईबापू म्हणाले. ते जेव्हा घाईनं गेनाऊ म्हणतात, तेव्हा त्यांना तसं वाटत नसतं. इतक्या वर्षांत एवढं मला कळतं.

खोलीवर येऊन लेक आडवी झाली. मी बाहेर अंगणात तिची ओढणी झटकायला घेतली. टोकाशी अजून चिमूटभर गहू चिकटून होते, साखरेचा ओला डाग होता. घरमालकीण तिथेच शेंगा सोलत बसली होती. तिनं ओढणी बघितली आणि विचारलं, "कोण गेलं?"

"म्हणजे?"

"हे मेलेल्यांचं असतं. गहू. कुणाच्या नावानं वाटले?"

मी तिथेच कठड्यावर बसले. मेलेल्यांचं! पिंडाचं म्हणा ना सरळ. आणि ते मी, स्वतःच्या तोंडानं आग्रह करून, हातानं पुढे ढकलून, पोटुशी लेकीच्या ओटीत घालायला लावलं. ती बाई मला देत होती. तिनं पोट बघून हात थांबवला होता. आणि मी हसून म्हणाले होते, घाल तू.

माझा चेहरा बघून मालकीण म्हणाली, "अगं, घाबरतेस काय? चांगलं असतं ते. आम्ही पोरांनासुद्धा देतो. गहू जमिनीत जातो आणि परत उगवतो, म्हणून गहू. पण दिलं कुणी?"

मी सांगितलं. वरचं गाव, देऊळ, काळ्या कपड्यांतली म्हातारी.

शेंगा सोलणारे हात थांबले. "वर? वर कुणी तबक नेत नाही. वरच्या गावच्या लोकांचंही आता खालीच करतात, बंदराच्या चर्चमध्ये." मग खांदे उडवून म्हणाली, "असेल कुणाची तरी लेक अथेन्सहून आलेली. काळे कपडे काय, आम्ही सगळ्याच घालतो." तिनं पुन्हा एक शेंग उचलली. "नाव कुणाचं घेतलंत?"

"कसलं नाव?"

"खाताना म्हणायचं असतं. देव त्याला क्षमा करो, आणि त्याचं नाव. देणारी सांगते, खाणारा म्हणतो."

तरीच ती माझ्याकडे बघत थांबली होती. आणि मी डांके म्हणाले होते.

"नाही घेतलं तर?"

"घेतलं नाही?" तिनं आता टोपली खाली ठेवली. "मग तो थांबून राहतो बिचारा. कुठे जाणार? तुमच्या आम्टात नंबर न घेता बसल्यासारखा." सरकारी कचेरीची तिची ही थट्टा, पण हसली कोणीच नाही. "थांबतो म्हणजे ज्यानं खाल्लं त्याच्यापाशी."

तेवढ्यात आतून लेकीनं हाक मारली. "ममा." नुसतं ममा. पण आईला हाकेतलं कळतं.

ती पाठीवर पडली होती, दोन्ही हात पोटावर. "दुपारपासून हललं नाहीये," ती म्हणाली. "मी आत्ता लक्ष दिलं. गावातून निघाल्यापासून नाही. एकदाही नाही."

जावईबापूंनी तेवढ्यात फोन कानाला लावलाही होता. ब्राउनश्वाइगची त्यांची हेबामं, म्हणजे सुईण, मोठी शांत बाई. तिनं सांगितलं, डाव्या कुशीवर झोपव, थंड आणि गोड काहीतरी दे, वाट बघा, आणि तोवर तिथल्या डॉक्टरला बोलवा. मालकिणीनं डॉक्टरला फोन केला. तो बेटाच्या पलीकडच्या टोकाला गेला होता, निघतो म्हणाला. लेक चेरीचं सरबत प्याली, बर्फ घालून. कुशीवर झोपली. मी मागे बसले आणि हात तिच्या पोटावर ठेवला.

काही नाही. नुसतं गरम, घट्ट पोट. कालपर्यंत जिथे लाथ बसायची तिथे कुणी राहत नव्हतं.

जावईबापू खिडकीपाशी उभे होते. रस्त्याकडे बघत होते, डॉक्टरची गाडी दिसतेय का म्हणून. एकदा वळून मला म्हणाले, "पहिल्या वेळीही असंच सुरू झालं होतं." हळू म्हणाले, पण लेकीनं ऐकलं. तिनं उशीत तोंड घातलं.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. आपल्याकडे दिवा लावतात ती वेळ. आणि खोलीत दालचिनीचा वास येत होता. ओढणी बाहेर होती, गहू बाहेर होते, आणि वास आत येत होता, जिथे मी बसले होते तिथे, अगदी माझ्या खांद्यापाशी. मी मान वळवून बघितलं नाही. तुम्ही म्हणाल, म्हातारीच्या मनाचे खेळ. असतीलही. पण मला तेव्हा स्पष्ट कळत होतं, की आम्ही खोलीत चौघं आहोत आणि चौथा वाट बघतोय, आणि तो वाईट नाहीये. त्याला फक्त काहीतरी हवंय, आणि ते मिळेपर्यंत तो इथेच, माझ्या लेकीच्या पोटाशी उभा राहणार आहे. वाईट माणसाला शिव्या देता येतात हो. असल्या माणसाचं काय करायचं?

मी उठले, अंगणात गेले आणि मालकिणीला विचारलं, "त्याचं नाव माहीत नसेल तर?"

तिनं जरा विचार केला. "तर तुझ्या कुणाचं तरी घे. मेलेले आपसात बघून घेतात. पण नाव हवं."

माझ्या कुणाचं? आई-वडील गेले, पण त्यांचं वर्षानुवर्षं भावाकडे सगळं रीतीनं होतं. माझं म्हणावं असं एकच माणूस गेलेलं. आणि त्यांचं नाव मी कधी घेतलेलंच नाही.

हे आता तुम्हाला खरं वाटणार नाही. जर्मनीत सगळा संसार झाला, पण मी त्यांना 'अहो' म्हणायची, नाहीतर 'ऐकलंत का'. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला शिकवलेलं. लग्नात उखाण्यात घेतलं, ते कविता म्हणून, त्याला नाव घेणं म्हणत नाहीत. इथल्या कचेऱ्यांत नवऱ्याचं नाव विचारलं की मी त्यांचं कार्डच पुढे सरकवायची. इस्पितळातल्या नर्सेसना वाटायचं, हिला जर्मन येत नाही. ते गेले, स्टान्डेसआम्टमध्ये मृत्यू नोंदवायचा होता, तिथेही लेकीनं नाव सांगितलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. आता आयुष्य कसलं कमी होणार होतं? पण ते नाव माझ्यापाशी तसंच होतं, न वापरलेलं. एवढं एकच राहिलं होतं माझ्याकडे, जे दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेलं नव्हतं.

मी ओढणी आत आणली. मालकीण माझ्यामागून आली आणि दाराशी खुर्ची घेऊन बसली. लेकीनं कुशीवरूनच बघितलं. "ममा, काय करतेस?"

"काही नाही. तू पडून राहा."

ओढणीच्या टोकाला चिकटलेले दाणे मी नखानं सोडवून तळहातावर घेतले. अर्धे तिच्या तोंडात घातले. तिनं विचारलं नाही, लहानपणी औषध घ्यायची तसं तोंड उघडलं. अर्धे माझ्या तोंडात. आणि मी त्यांचं नाव घेतलं.

आवाजच फुटला नाही पहिल्यांदा. ओठ हलले तेवढेच. मालकीण म्हणाली, "लाउटर." मोठ्यानं. कारखान्यातल्या मुकादमासारखी.

मग मी मोठ्यानं घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आणि म्हटलं, "यांना पोचू दे." मला त्यांची ग्रीक प्रार्थना कुठे येत होती? पोचू दे, एवढंच.

जावईबापू खिडकीपासून वळले. माझ्या तोंडून ते नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. लेकीनंही नाही. मला माझ्या दाताखालचा गव्हाचा दाणा ऐकू येत होता.

लेकीनं माझं मनगट पकडलं. घट्ट. हात ओढून पोटाच्या उजव्या बाजूला दाबला.

"नोख माल, ममा," ती म्हणाली. "परत म्हण."

मी परत म्हटलं. आणि माझ्या हाताखाली ते हललं. लाथ नव्हती. आधी नुसती कूस बदलल्यासारखी एक लाट, आणि मग लाथ.

लेक हसत होती आणि रडत होती. जावईबापू जमिनीवरच बसले, भिंतीला टेकून. आणि मी त्या आनंदात सहज दाराकडे बघितलं. मालकीण उठून उभी राहिली होती. तिनं आपली खुर्ची हातानं बाजूला सरकवली, भिंतीला लावली, आणि स्वतःही अंग चोरून बाजूला झाली. दारातून कुणाला जायला वाट द्यावी तशी. जरा थांबली. मग छातीवर क्रूस केला आणि शेंगांच्या टोपलीकडे गेली.

दालचिनीचा वास गेला होता. मी पुन्हा हुंगून बघितलं. नव्हता.

डॉक्टर आला तो धुळीनं माखलेला, तरुण मुलगा. त्यानं यंत्र लावलं आणि घोडं धावल्यासारखे ठोके सगळ्या खोलीभर ऐकवले. बाळ झोपलेलं असतं कधीकधी, म्हणाला, आई चालली की झुलतं ना, मग झोपतं. अगदी खरं असणार. शिकलेला मुलगा. मी त्याला विचारलं, वरच्या गावच्या देवळाची देखभाल कोण करतं? तो म्हणाला, "मी इथे नवीन आहे, ओमा." म्हणजे आजी. मालकिणीनं त्याला कॉफी दिली, आणि त्या दोघांचं काही ग्रीकमध्ये बोलणं झालं, त्यात तिनं एकदा डोंगराकडे बघितलं. मी अर्थ विचारला नाही. परतीच्या बोटीपर्यंत विचारला नाही.

बाळ ब्राउनश्वाइगमध्ये झालं, पूर्ण दिवसांचं, मुलगा. थंडी मी मी म्हणत होती. इस्पितळाच्या खिडकीवर बर्फ, आणि आत हा लालबुंद, मुठी आवळलेला. इथे इस्पितळातच नाव लिहून द्यावं लागतं. पहिलं नाव दोघांनी ठरवलं होतं, दोन्ही भाषांत चालेल असं. मग जावईबापू माझ्याजवळ येऊन बसले. बोलायचं त्यांनी पाठ केलं असावं.

"आई, आम्ही दुसरं नाव आजोबांचं ठेवणार. तुला आवडेल?"

दुसऱ्या कुणा आजीला याहून मोठं सुख नसतं, हे मला कळतं. लेक माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले, बाळ छातीशी. मी नाही म्हटलं.

"वारुम? का?" जावईबापूंना वाटलं, त्यांचं काही चुकलं.

मी लेकीकडे बघून मराठीत बोलले. "ते नाव मी देऊन आलेय."

"कुणाला?"

"ज्याचे गहू तू खाल्लेस त्याला. आता ते त्याचं. दिलेलं मी मागे घेणार नाही, आणि याला दुसऱ्याचं नाव लावणार नाही. कुणी तिकडून हाक मारली तर यानं ओ द्यायला नको."

खोलीत हीटरचा आवाज येत होता. लेकीनं बाळाला दुपट्यात आणखी घट्ट गुंडाळलं, त्याचे कानसुद्धा झाकले, आणि नवऱ्याला म्हणाली, "दुसरं नाव नको. एकच पुरे."